‘सर म्हणाले लिही, मी लिहिलं’ : इंटर्नच्या चिठ्ठीबद्दल एक खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, नवी दिल्ली
मा. निबंधक, महाराष्ट्र वैद्यक परिषद, मुंबई
मा. संचालक, वैद्यकीय शिक्षण व संशोधन संचालनालय, मुंबई

विषय : प्रशिक्षणार्थी डॉक्टरांनी औषधं लिहून देण्याबाबत स्पष्ट नियम करण्याबद्दल

महोदय / महोदया,

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ‘तुम्हाला यातलं काय कळतं’ हे विचारायचे कष्ट वाचतील. राज्यातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मी ३१ वर्षं औषधाच्या खिडकीमागे उभा होतो. नेमणुकीच्या कागदावर औषधनिर्माण अधिकारी, रांगेतल्या लोकांसाठी कंपाउंडर. गेल्या वर्षी निवृत्त झालो. नोकरीत असताना हे पत्र लिहिलं असतं तर उत्तराऐवजी ‘कारणे दाखवा’ हातात पडली असती, म्हणून थांबलो होतो.

खिडकीतून डॉक्टर दिसत नाहीत, त्यांचं अक्षर दिसतं. युनिट हेडचं अक्षर वर्षातून चारदोन वेळा दिसायचं, तेही कुणा ओळखीच्या पेशंटच्या केस पेपरवर. लेक्चररचं त्याहून थोडं जास्त. रेसिडेंटचं, म्हणजे पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरचं, रोज. आणि रांगेतल्या बाकीच्या सगळ्या कागदांवर इंटर्नचं, म्हणजे एमबीबीएसच्या शेवटच्या परीक्षेनंतर रुग्णालयात सक्तीचं प्रशिक्षण घेणाऱ्या मुलांचं. नवी बॅच आली की पहिले पंधरा दिवस आमची चैन असायची. पूर्ण स्पेलिंग, गोलगोल अक्षर, औषधाखाली रेघसुद्धा मारलेली. महिन्याभरात त्याच पोराचं ‘पॅरासिटामॉल’ म्हणजे एक ‘पी’ आणि पुढे लाट. मग आम्ही अक्षर वाचणं सोडून माणूस वाचायचो. हा कागद कुठल्या ओपीडीतून आला, पेशंट कशाला आलेला दिसतो, त्यावरून औषध कुठलं असणार ते ताडायचं. हे कौशल्य म्हणून मिरवण्यासारखं नाही, पण ते होतं.

एक मंगळवार सांगतो. मेडिसिनची ओपीडी, रांग व्हरांड्याच्या पायऱ्यांपर्यंत. साठीच्या एक बाई सुनेबरोबर आल्या होत्या. हाताची बोटं सांध्यात वाकलेली, पिशवीचा बंदही मनगटात अडकवलेला. केस पेपरवर चार औषधं होती. दुसरं मेथोट्रेक्सेट, साडेसात मिलिग्रॅम, पुढे ‘ओडी’, म्हणजे रोज एकदा, आणि त्यापुढे ३० दिवस. माझा सहकारी स्ट्रिपा मोजत होता. आमच्याकडे अडीच मिलिग्रॅमची गोळी होती, म्हणजे रोजच्या तीन, महिन्याच्या नव्वद. नऊ स्ट्रिपा खिडकीच्या फळीवर रचल्या गेल्या तेव्हा माझं लक्ष गेलं. संधिवातावर हे औषध आठवड्यातून एकदा घेतात. चार आठवड्यांच्या होतात बारा गोळ्या. हेच औषध रोज घेतलं तर आधी तोंड सोलवटतं, मग रक्तातल्या पेशी तयार होणं थांबतं, आणि साध्या तापाचं निमित्त होऊन माणूस जातो. बाईंना वाचता येत नव्हतं. सुनेला येत होतं, पण ‘ओडी’ म्हणजे काय हे तिला कोण सांगणार?

मी कागद घेऊन ओपीडीत गेलो. टेबलाशी एक मुलगी बसली होती, इंटर्न, मेडिसिनच्या पोस्टिंगचा तिसरा आठवडा. सकाळपासून साठेक कागद लिहिले असतील, असं ती म्हणाली. शेजारच्या टेबलावरच्या रेसिडेंट सरांनी बाईंना तपासलं होतं आणि तोंडी सांगितलं होतं, ‘मेथोट्रेक्सेट साडेसात, फोलिक, महिनाभर.’ ‘आठवड्यातून’ हा शब्द त्यांनी उच्चारला नव्हता. ज्याला हे औषध माहीत आहे त्याला तो उच्चारावा लागत नाही. सर तोवर वॉर्डातल्या कॉलवर गेले होते. मी बोट ठेवलं तशी ती मुलगी पांढरी पडली. म्हणाली, ‘काका, सर म्हणाले लिही, मी लिहिलं.’ उलट उत्तर नव्हतं ते. जे घडलं ते तिने सरळ सांगितलं.

खाली सही होती. एक इंग्रजी ‘एस’ आणि त्याला शेपूट. नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही, सरांची सही नाही. त्या नव्वद गोळ्या बाईंच्या घरी पोचल्या असत्या आणि पुढे चौकशी लागली असती, तर हाती एवढंच लागलं असतं.

आता नियम काय म्हणतो ते पाहू. १९९७ च्या पदवी वैद्यकीय शिक्षणाच्या विनियमांत होतं आणि २०२१ च्या सक्तीच्या इंटर्नशिपच्या विनियमांतही आहे, की इंटर्नवर रुग्णसेवेची जबाबदारी वरिष्ठाच्या थेट देखरेखीखाली द्यावी, त्याने स्वतंत्रपणे काम करू नये. पुढची ओळ आणखी स्पष्ट आहे. स्वतःच्या सहीने इंटर्नने वैद्यकीय प्रमाणपत्र देऊ नये, मृत्यूचा दाखला देऊ नये, मेडिकोलीगल, म्हणजे पोलिस-कोर्टात लागणारा, कागद करू नये. तीन कागदांची नावं घेतली, चांगलं केलं. ज्या कागदावर त्याची सही दिवसातून साठ वेळा होते, तो मात्र त्या ओळीत नाही. दोन दिवसांच्या तापाची सुट्टी मागणाऱ्या कारकुनाला दाखला द्यायला इंटर्नची सही चालत नाही, पण नव्वद मेथोट्रेक्सेट द्यायला चालून जाते.

‘देखरेखीखाली’ म्हटलंय ना, त्यात सगळं आलं, असं आपण म्हणाल. वॉर्डात या शब्दाचा अर्थ काय होतो ते सांगतो. सर त्याच खोलीत असणं ही देखरेख. सर त्याच इमारतीत असणं हीही देखरेख. सर घरी आहेत आणि फोन चालू आहे, ही रात्रीची देखरेख. एका युनिटमध्ये तर कोऱ्या केस पेपरांच्या गठ्ठ्यावर सकाळीच सह्या करून ठेवायची पद्धत पडली होती, म्हणजे दिवसभर कुणी अडायला नको. कागदावर दोन सह्या, नियमाचं पालन शंभर टक्के.

वॉर्डातला दुसरा शब्द आपल्यातल्या डॉक्टरांना नक्की ठाऊक असेल, ‘सीटी ऑल’. म्हणजे कालची सगळी औषधं आज पुढे चालू. सकाळी राउंडच्या आधी इंटर्न वीस फायलींवर तारीख टाकतो आणि खाली दोन शब्द लिहितो. जेंटामायसिन हे प्रतिजैविक तीन दिवसांसाठीच सुरू झालं होतं, आज चौथा दिवस आहे, हे त्या दोन शब्दांत कुठे दिसणार? इंडेंट, म्हणजे वॉर्डाची औषधांची मागणी, घेऊन मावशी खाली आल्या की आम्ही विचारायचो, ‘हे अजून चालू आहे का?’ मावशी वर जायच्या, सिस्टरांना विचारायच्या, सिस्टर इंटर्नला, इंटर्न रेसिडेंटला. अर्ध्या तासाने मावशी परत. ‘चालू आहे म्हणतात.’ कोण म्हणतात? ‘वर म्हणतात.’

मी स्वतःसाठी दोनशे पानी वही ठेवली होती. तारीख, औषध, काय चुकलं, एवढंच लिहायचो, नाव कुणाचंच नाही. ती काही संशोधनाची वही नव्हती, त्यामुळे आकडे देत नाही, पण प्रकार सांगतो. इन्सुलिनच्या १० पुढचा इंग्रजी ‘यू’ शून्यासारखा काढला की वाचणाऱ्याला १०० दिसतात. आपल्याकडे इन्सुलिनची कुपी मिलिलिटरला ४० युनिटची आणि पेनातलं १०० युनिटचं. सिरिंजाही वेगळ्या, चाळीसला लाल टोपी, शंभरला नारिंगी. चिठ्ठीवर यातलं काहीच नसतं, नुसतं ‘इन्सुलिन’. लहान मुलांचं पॅरासिटामॉल हा तर स्वतंत्र अध्याय आहे. पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचं सिरप असतं, २५० चंही असतं, आणि थेंबांच्या बाटलीत एकाच मिलिलिटरमध्ये १००. कागदावर काय? ‘सिरप पीसीएम १ चमचा टीडीएस’, म्हणजे दिवसातून तीनदा. कुठल्या बाटलीतला चमचा? बाळाचं वजन किती? बालरोग ओपीडीच्या कागदावर वजनाचा रकाना छापलेला होता, पण तो भरलेला दिसला की आम्ही एकमेकांना कागद दाखवायचो. डोपामिनच्या जागी डोब्युटामिन एकदाच लिहिलं गेलं. वॉर्डातल्या सिस्टरांनी ते खाली पाठवायच्या आधीच पकडलं होतं, वहीत मी त्यांच्या सांगण्यावरून टिपलं.

आता बाहेरच्या चिठ्ठीबद्दल. माझ्या मते सगळ्यात मोठं भगदाड इथे आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

सरकारी रुग्णालयातून मिळणाऱ्या औषधांना विक्री परवान्याच्या बऱ्याच अटींतून सूट आहे. त्यामुळे आमच्या खिडकीवर एखादा कागद अर्धवट आला तरी तो घरातला मामला. पण औषध आमच्याकडे शिल्लक नसलं की इंटर्न पांढऱ्या कागदाचा चतकोर फाडतो, त्यावर औषधाचं नाव लिहितो आणि म्हणतो, ‘बाहेरून आणा.’ तो चतकोर गेटासमोरच्या मेडिकलमध्ये जातो. आणि तिथे औषध नियम, १९४५ पूर्ण लागू आहेत. नियम ६५ सांगतो की प्रिस्क्रिप्शन लेखी हवं, देणाऱ्याची नेहमीची सही आणि तारीख हवी, पेशंटचं नाव-पत्ता हवा, एकूण औषध किती आणि डोस किती ते हवं. १ मार्च २०१४ पासून एच-वन ही वेगळी अनुसूची लागू झाली. सुरुवातीला ४६ औषधं होती त्यात, वरच्या फळीतली प्रतिजैविकं, क्षयाची औषधं, ट्रामाडॉल वगैरे. यातलं काही विकलं की दुकानदाराने रजिस्टरमध्ये लिहून देणाऱ्याचं नाव आणि पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या नोंदवायची, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं.

माझा एक मित्र असं दुकान चालवतो. रुग्णालयाच्या गेटापासून चालत दोन मिनिटं. त्याच्या रजिस्टरात लिहून देणाऱ्याच्या नावाचा रकाना मी पाहिलाय. वरपासून खालपर्यंत ‘सरकारी दवाखाना’, ‘सरकारी दवाखाना’, ‘–,,–’, ‘–,,–’. तो तरी काय करणार? चतकोरावर ‘एस’ आणि शेपूट. मेरोपेनेम या प्रतिजैविकाची इंजेक्शनं घ्यायला आलेल्या माणसाचा बाप वर आयसीयूत आहे. त्याला ‘आधी डॉक्टरांचं पूर्ण नाव आणा’ म्हणून परत पाठवायचं? मित्र म्हणतो, ‘मी औषध देतो आणि रात्री मनात धाकधूक घेऊन झोपतो.’

आणि समजा, इंटर्नने चतकोरावर आपलं नाव नीट लिहिलंच, तरी प्रश्न सुटतो का? इंटर्नला परिषदेची तात्पुरती नोंदणी मिळते. ती इंटर्नशिप पुरी करण्यासाठी असते, मान्यताप्राप्त संस्थेच्या आत. त्या नोंदणीवर लिहिलेली चिठ्ठी गेटाबाहेरच्या दुकानाने मान्य करावी की करू नये? ३१ वर्षांत मला याचं उत्तर एकाही परिपत्रकात सापडलं नाही. आपल्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर कृपया छापून द्या, मी स्वखर्चाने गेटासमोरच्या सगळ्या दुकानांत नेऊन लावतो.

या राज्यात औषध कुणी लिहावं यावर बोललं जात नाही असं मुळीच नाही. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला तर त्यांना अ‍ॅलोपॅथीची औषधं लिहिता यावीत म्हणून २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, त्यावर वर्षानुवर्षं मोर्चे, संप, कोर्टकचेऱ्या चालू आहेत. त्या वादात मला पडायचं नाही. मला गंमत एवढीच वाटते, की दारातून आत कुणाला घ्यायचं यावर एवढं रण माजतं आणि आधीच आत बसलेला पोरगा सकाळपासून काय लिहितोय ते बघायला कुणाला सवड नाही.

आयोगाने २०२३ मध्ये प्रयत्न केला होता, हेही मान्य करतो. २ ऑगस्टला व्यावसायिक आचरणाचे नवे विनियम आले, त्यात चिठ्ठीचा नमुनासुद्धा होता. गदारोळ झाला तो जेनेरिक नावांच्या सक्तीवरून. २३ ऑगस्टला विनियम स्थगित. जेनेरिकच्या वादात तो नमुनाही गेला. म्हणजे आपण परत २००२ च्या नियमांवर. त्यातही प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक टाकावा असं आहेच आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर जेनेरिक नाव, सुवाच्य अक्षर, शक्यतो मोठ्या लिपीत हेही आहे. माझ्या खिडकीवर हे सगळं असलेला कागद आला की वाटायचं, हा माणूस नक्की परीक्षेला बसतोय.

परीक्षेवरून आठवलं. औषधशास्त्र हा विषय दुसऱ्या वर्षाच्या टप्प्यात येतो. नव्या अभ्यासक्रमात ‘योग्य, सुवाच्य, जेनेरिक नावांनी प्रिस्क्रिप्शन लिहिता येणं’ हे कौशल्य म्हणून नोंदवलंय, वर्गात ते करूनही घेतात. मग ते पुस्तक बंद होतं. मधे दोनअडीच वर्षं मेडिसिन, सर्जरी, प्रसूतिशास्त्र, आणि आता शेवटी पदव्युत्तर प्रवेशाचे एमसीक्यू. त्यानंतर तो मुलगा जी पहिली चिठ्ठी लिहितो ती थेट खऱ्या माणसाची. आमच्या शेजारची मुलगी नागपुरातून एमबीबीएस करून, प्लॅब ही तिकडची डॉक्टरांची पात्रता परीक्षा देऊन इंग्लंडला गेली. ती सांगते, तिकडे शेवटच्या वर्षाच्या मुलांची फक्त औषध लिहिण्याची वेगळी परीक्षा असते, दोन तास, साठ प्रश्न. चिठ्ठीतली चूक शोधा, डोसाचं गणित करा, या पेशंटला हे औषध का नको ते सांगा. पहिल्या वर्षाचे डॉक्टर तिथेही तात्पुरत्या नोंदणीवरच असतात. पण ते भरती झालेल्या पेशंटचं आणि डिस्चार्जचं औषध लिहू शकतात, रुग्णालयाबाहेर चालणारी चिठ्ठी नाही, हे तिथल्या प्रत्येकाला पाठ असतं.

तिने सांगितलेली आणखी एक गोष्ट मला फार आवडली. तिथे वॉर्डात फार्मासिस्ट फिरतो आणि औषधाचा तक्ता तपासून हिरव्या शाईने खूण करतो. आता बऱ्याच ठिकाणी संगणक आलाय, पण हिरव्या शाईची प्रथा जुनी. आपल्याकडे हिरवी शाई म्हणजे राजपत्रित अधिकारी. फार्मासिस्टने हिरवं पेन खिशाला लावलं तर आस्थापना शाखेतून विचारणा होईल.

ही तुलना इंग्लंडचं कौतुक म्हणून केलेली नाही. चुका तिथेही होतात, पण त्या त्यांनी मोजल्या. तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलनेच करवून घेतलेला अभ्यास २००९ मध्ये आला. १९ रुग्णालयं, १,२४,२६० औषधांच्या ऑर्डरी, आणि तपासणारे वॉर्डातले फार्मासिस्ट. शंभरातल्या जवळजवळ नऊ ऑर्डरींत चूक निघाली. सगळ्यांना वाटत होतं की दोष नवशिक्यांचा असणार. पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांचं प्रमाण निघालं ८.४ टक्के, दुसऱ्या वर्षाच्यांचं १०.३, आणि कन्सल्टंटचं ५.९. म्हणजे चुकण्यात वरिष्ठही मागे नव्हते, आणि सगळ्यात जास्त चुकत होते ते थोडं शिकून भीड चेपलेले. बहुतेक चुका पेशंटपर्यंत पोचायच्या आधीच पकडल्या गेल्या. मला तो कागद वाचून बरं वाटलं, कारण माझ्या वहीत नावं नसली तरी अक्षरं मला ओळखू येत होती, आणि ती काही सगळी इंटर्नची नव्हती. रेसिडेंटकडे पूर्ण नोंदणी असते. सलग ड्युटीच्या तिसाव्या तासाला ती नोंदणी त्याला जागं ठेवत नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. हे पत्र वाचून ‘इंटर्नने यापुढे औषध लिहू नये’ असं परिपत्रक काढू नका. दुसऱ्याच दिवशी ओपीडी बंद पडेल, तिसऱ्या दिवशी कोऱ्या कागदांवरच्या सह्यांचे गठ्ठे वाढतील, आणि तो मुलगा लिहीत राहीलच, फक्त दुसऱ्याच्या नावाने. शिवाय त्याने लिहिलं नाही तर तो शिकणार कुठे? पोहणं काठावर बसून येत नाही हे मलाही कळतं. माझं म्हणणं एवढंच, की पाण्यात कुठवर जायचं तिथे एक दोरी बांधा, आणि काठावर कोण उभं आहे त्याचं नाव लिहा.

दोरी औषधांवरून बांधता येईल. पॅरासिटामॉल, ओआरएस, लोह-फोलिक, आधीपासून चालू असलेली रक्तदाबाची गोळी त्याच डोसात, हे इंटर्नने स्वतःच्या नावाने आणि नोंदणी क्रमांकाने लिहावं, कुणाला विचारायची गरज नाही. एच-वनमधली औषधं, इन्सुलिन सुरू करणं किंवा डोस बदलणं, वॉर्फरिन, डिगॉक्सिन, मेथोट्रेक्सेट, फिटची औषधं, आणि वजनावर डोस ठरतो असं लहान मुलांचं काहीही, यावर औषध खिडकीतून बाहेर पडण्याआधी पूर्ण नोंदणीवाल्या डॉक्टरची दुसरी सही हवी, तीही वाचता येईल अशा नावासकट. ती नसेल तर कागद परत पाठवायचा अधिकार आम्हाला द्या, लेखी द्या. आज आम्ही परत पाठवतो तो ओळखीवर आणि वयाच्या जोरावर. नव्या फार्मासिस्टला रेसिडेंट दरडावतो, ‘तू मला शिकवणार?’ आणि तो मुकाट्याने स्ट्रिपा मोजतो. केमोथेरपी, मॉर्फिन आणि त्या जातीची औषधं, एक्स अनुसूचीतली, म्हणजे सवय लागणारी आणि कडक नियंत्रणातली, औषधं इंटर्नच्या हाताने लिहिलीच जाऊ नयेत. पोटॅशियम क्लोराइडचंही तेच. दहा मिलिलिटरच्या एका अ‍ॅम्प्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं. ते सलाइनच्या बाटलीत न मिसळता सरळ शिरेत गेलं तर हृदय थांबतं, आणि ते अ‍ॅम्प्यूल दिसायला पाण्याच्या अ‍ॅम्प्यूलसारखंच असतं.

रात्रीचं काय, हा प्रश्न येणारच. रात्री सर फोनवर असतात. असू द्या. इंटर्नने किंवा सिस्टरांनी ऑर्डर लिहून घ्यावी, फोनवर परत वाचून दाखवावी, कुणी सांगितलं आणि किती वाजता ते कागदावर टाकावं, आणि सांगणाऱ्याने चोवीस तासांत तिथे सही करावी. यात नवीन काहीच नाही. मानांकनाची तपासणी येणार असली की खासगी रुग्णालयं हे सगळं करतात. त्या आठवड्यात तरी करतात.

बाहेरच्या चिठ्ठीसाठी छापील पॅड हवं. वर रुग्णालयाचं नाव, खाली लिहिणाऱ्याचं नाव, तात्पुरती की पूर्ण नोंदणी, क्रमांक, आणि देखरेख करणाऱ्या डॉक्टरचं नाव. चतकोर कागद बंद. पॅड छापायला निधी नाही असं कुणी म्हणालं तर मला सांगा, जागतिक अमुक दिन आणि तमुक सप्ताहाचे फ्लेक्स किती छापले जातात ते मी मोजून देतो.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला इंटर्नशिपच्या आधी औषध लिहिण्याची अर्ध्या दिवसाची परीक्षा घेणं अवघड नाही. प्रश्न काढायला आम्हाला बोलवा. माझ्या वहीत पुरेसे आहेत.

त्या मंगळवारी बाईंना बारा गोळ्या दिल्या. सुनेला कागदावर मराठीत लिहून दिलं : दर रविवारी तीन, बाकी दिवशी नाही. रविवारच का, असं तिने विचारलं. म्हटलं, घरात सगळे असतात, कुणाच्या तरी लक्षात राहील. रेसिडेंट सर दुपारी स्वतः खिडकीवर आले, ‘थँक्यू’ म्हणाले, चहा पाजला. मनाने चांगला मुलगा. त्याला परत रात्रपाळी होती.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी

ता. क. – त्या इंटर्न मुलीने पुढच्याच आठवड्यात स्टेशनरीच्या दुकानातून स्वतःच्या पैशाने एक शिक्का करून आणला. वर तिचं नाव, खाली ‘इंटर्न’ आणि तात्पुरता नोंदणी क्रमांक, त्याखाली ‘देखरेख : डॉ.’ आणि टिंबटिंब. आठ-दहा दिवस तिचे कागद पाहून आम्ही खूश होतो. मग कार्यालयातून विचारणा झाली, इंटर्नने शिक्का कुणाच्या परवानगीने केला. नियमात बसत असेल तर रीतसर अर्ज करा, तोवर वापरू नका. तिने अर्ज केला. उत्तर यायच्या आत तिची इंटर्नशिप संपली. अर्जाला आवक क्रमांक मात्र मिळाला होता.